गंभीर मोटार अपघातानंतरची नुकसानभरपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती १ एप्रिल २०२२ नंतर महाराष्ट्रात झालेल्या अपघातांसाठी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चाच असला, तरी २०१९ च्या दुरुस्तीने बदललेली विम्याची आणि भरपाईची प्रकरणं त्या तारखेपासून लागू झाली. ओळखीतल्या कुणाचा दावा २०१५ साली कसा चालला होता, यावरून आपल्या दाव्याचा अंदाज बांधू नका. मुदत, रकमा आणि पोलिसांचं काम, तिन्ही बदललं आहे.

अपघात झाला म्हणजे भरपाई मिळतेच का? आणि ती देतं कोण?

आपोआप मिळत नाही. पूर्ण भरपाईसाठी समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. तो दाखवता आला की चालक, गाडीचा मालक आणि गाडीची विमा कंपनी असे तिघे जबाबदार धरले जातात. पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीच भरते, कारण थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. भरपाईसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली जो अर्ज करायचा, त्यात या तिघांनाही सामनेवाले (प्रतिवादी) करायचं असतं. मालक म्हणजे आरसीवर, अर्थात नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव आहे तो. गाडी तीन वर्षांपूर्वी विकली, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर कायद्याच्या नजरेत नोंदणीकृत मालकच जबाबदार राहतो. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. हरलेले किंवा निम्म्यावर आलेले दावे बहुधा न्यायालयात हरलेले नसतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत जे कागद तयार झाले, किंवा झालेच नाहीत, तिथे ते हरलेले असतात.

सुरुवात दवाखान्याच्या केसपेपरपासून करा. जखमीला आत घेताना डॉक्टर विचारतात, काय झालं? घाबरलेला नातेवाईक सांगतो, ‘गाडीवरून पडला’. केसपेपरवर तेवढंच उतरतं. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील ती ओळ अधोरेखित करून उभा राहतो आणि म्हणतो, दुसऱ्या गाडीचा संबंधच नाही, हा स्वतः घसरून पडला. म्हणून दाखल करतानाच ‘कारने मागून धडक दिली’ किंवा ‘समोरून आलेल्या टेम्पोने ठोकलं’ असं स्पष्ट सांगा, केस एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस) म्हणून नोंदवायला सांगा आणि लिहिलेलं वाचून घ्या. चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर त्याच दिवशी दुरुस्ती करून मागा. नाहीतर डिस्चार्ज कार्डावर तोच मजकूर पुढे नकलला जातो.

दुसरं काम गाडीच्या नंबरचं. धडक देणाऱ्या गाडीचा फोटो, नंबर प्लेट दिसेल असा, शक्य तर ती जागेवर असतानाच काढा. नंबर मिळाला की केंद्र सरकारच्या एमपरिवहन ॲपवर विम्याची मुदत आणि नोंदणीचा तपशील दिसतो. जवळच्या दुकानातलं, पेट्रोल पंपावरचं किंवा टोलनाक्यावरचं सीसीटीव्ही चित्रीकरण थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते ताब्यात घ्यावं, असा लेखी अर्ज पोलिस ठाण्यात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

तिसरं, बिलं. औषध दुकानाची बरीच बिलं थर्मल कागदावर छापलेली असतात. वर्षभरात ती कोरी होतात, आणि कोऱ्या कागदाचे पैसे कुणी देत नाही. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि मूळ बिल तिच्यासोबत लावून ठेवा. ॲम्ब्युलन्स, रक्तपेढी, वॉकर, घरी ठेवलेला मदतनीस, फिजिओथेरपीच्या प्रत्येक फेरीची रिक्षा, या सगळ्यांच्या पावत्या तारखेप्रमाणे एका वहीत चिकटवून ठेवा.

उपचाराला आत्ताच पैसे नाहीत. भरपाई मिळेपर्यंत काय?

५ मे २०२५ पासून रस्ते अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना लागू आहे. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, प्रति व्यक्ती दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयात होतात. यादीत नसलेल्या रुग्णालयात केवळ प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत बसतात. म्हणून ११२ वर फोन करतानाच जवळचं नेमलेलं रुग्णालय विचारा. अपघाताची पोलिसांकडून खात्री व्हावी लागते. खबर द्यायला उशीर करू नका, त्याचं हे आणखी एक कारण. या योजनेतून उपचार झाले, म्हणून कलम १६६ चा दावा थांबत नाही.

पोलिसांकडून कोणते कागद मिळायला हवेत?

प्रथम खबर अहवाल, घटनास्थळ पंचनामा आणि त्यासोबतचा कच्चा नकाशा, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा गाडीतपासणी अहवाल, चालकाचा परवाना, आरसी, विमा पॉलिसी आणि मालवाहू किंवा प्रवासी गाडी असेल तर परमिट व फिटनेस. मृत्यू झाला असेल, तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. शेवटी दोषारोपपत्र.

पंचनामा नुसता घेऊन ठेवू नका, वाचा. रस्त्याची रुंदी, दुभाजक, ब्रेकच्या खुणा, काचांचा सडा आणि दोन्ही गाड्या रस्त्याच्या कोणत्या कडेपासून किती फुटांवर होत्या, हे त्यात असतं. चूक कोणाची, हे न्यायाधिकरण (अपघाताचे दावे चालवणारं न्यायालय) साक्षीदाराच्या तोंडापेक्षा या फुटांवरून अधिक ठरवतं. दुचाकी तिच्या डाव्या बाजूला कडेपासून ३ फुटांवर पडलेली आणि ट्रक मधली रेषा ओलांडून आलेला असेल, तर तेवढं एक वाक्य दहा साक्षींइतकं वजनदार आहे.

२०२२ च्या नियमांनी पोलिसांवर कालमर्यादा घातली आहे. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल, ज्याला सगळे डीएआर म्हणतात. अपघातग्रस्ताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना १० दिवसांत हातात पडायला हवा. पुढे कुटुंबाची, उत्पन्नाची आणि उपचारांची माहिती विचारणारा नमुना ६ भरून मागितला जातो. तो घाईत भरू नका. ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात अंदाजाने लिहिलेला आकडा नंतर बदलायला गेलात, तर उलटतपासणीत तोच कागद तुमच्यापुढे धरला जातो.

खबर द्यायला उशीर झाला तर दावा बुडतो का?

बुडत नाही. माणूस आयसीयूत असताना घरच्यांनी आधी पोलिस ठाण्यात जावं, अशी अपेक्षा न्यायालय करत नाही. उशीर समजण्यासारखा असेल, तर केवळ त्यावर दावा फेटाळता येत नाही. संशय कुठे येतो? पहिल्या खबरीत ‘अज्ञात वाहन’ लिहिलेलं आणि तीन आठवड्यांनी अचानक एका विमा असलेल्या गाडीचा नंबर पुढे आलेला, अशा ठिकाणी. नंबर खरोखर उशिरा कळला असेल, तर तो कोणी पाहिला, कधी सांगितला आणि त्या दिवशी तो माणूस तिथे का होता, हे पुरवणी जबाबात तेव्हाच येऊ द्या. आणि ‘विम्याची गाडी लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. त्यातून खोट्या पुराव्याचा गुन्हा दाखल होतो आणि खरा दावाही जातो.

दावा किती दिवसांत दाखल करायचा?

कलम १६६ च्या पोटकलम ३ प्रमाणे अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेला आहे. ज्यांची मुदत उलटली, त्यांनी घरी बसून न राहता लगेच वकिलांना भेटावं. पण ज्यांचे सहा महिने अजून शिल्लक आहेत, त्यांनी अंतरिम आदेशाच्या भरवशावर एक दिवसही घालवू नये.

पोलिसांचा अहवालच न्यायाधिकरणाने अर्ज म्हणून धरावा, असं पोटकलम ४ म्हणतं. तरी अहवाल गेला आहे का, त्यावर नंबर पडला आहे का, याची न्यायालयात जाऊन खात्री करा. ‘पोलिसांनी पाठवलं असेल’ असं म्हणत सहा महिने निघून जातात.

अर्ज कुठे करायचा?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. जिल्हा न्यायालयातच ते भरतं. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही. अपघात सोलापूरजवळच्या महामार्गावर आणि कुटुंब नाशिकला असेल, तर दावा नाशिकला चालतो. दर तारखेला एवढ्या लांब जाण्याची गरज नाही.

मृत्यूच्या प्रकरणात रक्कम कशी ठरते?

हे गणित ठरलेलं आहे आणि प्रत्येक कुटुंबाने ते स्वतः करून पाहावं. त्याचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत आहे : २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी. न्यायाधिकरणात ही दोन नावं रोज कानावर पडतात.

आधी वार्षिक उत्पन्न घ्यायचं. त्यात भविष्यातल्या वाढीचा भाग मिळवायचा. कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत ५० टक्के, ४० ते ५० वयाला ३० टक्के, ५० ते ६० ला १५ टक्के. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल, तर हेच आकडे ४०, २५ आणि १० टक्के. मग मृत व्यक्ती स्वतःवर जो खर्च करत असे, तो वजा करायचा. अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, सहापेक्षा जास्त असतील तर एक पंचमांश, आणि अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मं. उरलेल्या रकमेला वयानुसार गुणकाने गुणायचं. गुणक १५ ते २५ वयाला १८, मग ३० पर्यंत १७, ३५ पर्यंत १६, ४० पर्यंत १५, ४५ पर्यंत १४, ५० पर्यंत १३, ५५ पर्यंत ११, ६० पर्यंत ९, ६५ पर्यंत ७ आणि त्यापुढे ५. वय मृताचं धरायचं. अविवाहित मुलगा गेला, तर आईचं वय धरून गुणक कमी करण्याचा प्रयत्न होतो. तो चुकीचा आहे.

उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा, स्वतःचं गॅरेज चालवणारा माणूस, महिना २०,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वार्षिक २,४०,०००, त्यात ४० टक्के वाढ धरून ३,३६,०००. एक चतुर्थांश वजा जाता २,५२,०००. गुणक १५, म्हणजे ३७,८०,००० रुपये. यावर सहवास हरपल्याबद्दलची रक्कम प्रत्येक जवळच्या नातेवाईकाला वेगळी मिळते. प्रणय सेठी निकालात ती ४०,००० होती आणि दर ३ वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायची आहे. दोन वाढींनंतर ती ४८,४०० झाली. चौघांची १,९३,६००. मालमत्तेच्या हानीचे १८,१५० आणि अंत्यविधीचे १८,१५०. एकूण ४०,०९,९००, आणि त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज.

आता याच कुटुंबाला कुणी ‘बारा लाखांत मिटवून टाकू’ म्हणालं, तर ते किती सोडून देत आहेत, हे दिसतं.

लग्न झालेली मुलगी किंवा कमावता मुलगा मागू शकतात का?

हो, कायदेशीर वारस म्हणून अर्ज करता येतो. ते मृतावर किती अवलंबून होते, यावर त्यांचा वाटा ठरतो. सगळ्या वारसांना पहिल्याच अर्जात अर्जदार करा. एखाद्याचं सहकार्य नसेल, तर त्याला सामनेवाला करा, पण वगळू नका.

जखमी माणूस वाचला, पण अपंगत्व आलं. तिथे हिशोब कसा?

इथे लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी हाच शेवटचा शब्द मानला जातो. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या : वैद्यकीय अपंगत्व किती, आणि त्यामुळे कमाईची क्षमता किती गेली. भरपाई दुसऱ्या आकड्यावर ठरते.

३० वर्षांचा ट्रकचालक घ्या, महिना १८,०००. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. दाखल्यावर ५० टक्के लिहिलं आहे. पण तो पुन्हा ट्रक चालवणार नाही, म्हणजे त्याच्या धंद्यापुरती हानी १०० टक्के. २,१६,००० मध्ये ४० टक्के वाढ मिळवून ३,०२,४००, गुणक १७, म्हणजे ५१,४०,८०० रुपये. दाखल्याच्या ५० टक्क्यांवर थांबलो, तर २५,७०,४०० हातात येतात. तोच पाय एखाद्या कारकुनाचा गेला, तर त्याची नोकरी टिकू शकते आणि कमाईची हानी ५० टक्क्यांपेक्षाही कमी धरली जाऊ शकते. जखमेच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट नसते, हेही लक्षात ठेवा. माणूस जिवंत आहे, त्याचा खर्च चालूच आहे.

दाखला नीट वाचा. ‘उजवा पाय ४० टक्के’ आणि ‘संपूर्ण शरीर ४० टक्के’ यांत फार फरक आहे. दाखला तात्पुरता आहे की कायमचा, हेही त्यावर असतं. तात्पुरत्या दाखल्यावर दावा चालवला, तर कंपनी म्हणते, हा बरा होणार आहे. दाखला देणारे किंवा उपचार करणारे डॉक्टर साक्षीला यावेत, यासाठी समन्स काढून घ्या. त्यांना विचारण्याचा प्रश्न टक्क्यांचा नाही : हा माणूस उकिडवा बसू शकतो का, जिना चढू शकतो का, वजन उचलू शकतो का, क्लच दाबू शकतो का.

याशिवाय झालेला आणि पुढे लागणारा वैद्यकीय खर्च, विशेष आहार, प्रवास, उपचारांच्या काळातली बुडालेली कमाई, वेदना, आयुष्यातल्या सुखांना मुकणं, लग्नाच्या शक्यतेवर झालेला परिणाम, हे सगळे वेगळे मथळे आहेत. मागितले नाहीत, तर बरेचदा दिले जात नाहीत. रॉड किंवा प्लेट काढण्याची शस्त्रक्रिया बाकी असेल, तर सर्जनचं लेखी अंदाजपत्रक लावा. कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो. ‘एक पाय’ म्हणून किंमत धरली, तर पुढचे सगळे घरच्यांच्या खिशातून. जन्मभर सांभाळणारा माणूस लागणार असेल, तर त्याचा खर्चही गुणक लावून मागता येतो. १०० टक्के अपंगत्व आलेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये चोवीस तासांसाठी दोन मदतनिसांचा खर्च १८ च्या गुणकाने दिला आहे. घरी आई करते, म्हणून तो खर्च शून्य होत नाही.

उत्पन्नाचा कागदच नाही. शेती, रोजंदारी, घरकाम. मग?

कागद नाही म्हणजे उत्पन्न नाही, असं होत नाही. काहीच पुढे आलं नाही, तर न्यायाधिकरण साधारणपणे त्या काळातल्या किमान वेतनाचा आधार घेतं. पण त्यावर समाधान मानू नका. बँक पासबुकातली नियमित भर, फोनवरच्या व्यवहारांचा उतारा, दूध संघाची पावती, बाजार समितीची हिशेबपट्टी, सातबारा, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, दुकानाचा परवाना, मुकादमाची साक्ष, हे सगळं चालतं. आयकर विवरणपत्र असेल, तर त्याला सर्वांत जास्त वजन आहे. मात्र अपघातानंतर घाईने भरलेल्या विवरणपत्राकडे संशयाने पाहिलं जातं. मालकाने दिलेल्या पगाराच्या दाखल्यावर तो मालक साक्षीला यायला तयार आहे का, हे आधी विचारा. सही करणारा पुढे आला नाही, तर दाखला नुसता कागद उरतो.

गृहिणीच्या कामाचं मोल धरलंच पाहिजे, आणि त्या कल्पित उत्पन्नावर भविष्यातली वाढही मिळते. २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसं सांगतो. ‘काही करत नव्हती, घरीच असायची’ असं वाक्य घरच्यांनीच साक्षीत बोलू नये. पहाटेपासून ती काय काय करत होती, आणि आता त्यातल्या कशासाठी बाई ठेवावी लागली, ते सांगा.

आमचीही थोडी चूक होती. हेल्मेट नव्हतं, तिघे बसले होते.

तेवढ्याने दावा जात नाही. स्वतःच्या चुकीचा वाटा ठरला, तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कमी होते. पण हेल्मेट नसणं आणि अपघाताला कारणीभूत होणं, या दोन गोष्टी वेगळ्या. पाय मोडला असेल, तर हेल्मेटचा संबंध काय, हे विचारायलाच हवं. तिघे बसल्यामुळे तोल जाऊन धडक बसली, असा पुरावा कंपनीने द्यायचा असतो.

दोन गाड्यांच्या धडकेत तुम्ही नुसते प्रवासी असाल, तर तुमच्या वाट्याला चूक येतच नाही. रिक्षात बसला होतात आणि ट्रकने ठोकलं, तर पूर्ण रक्कम दोहोंपैकी कोणाकडूनही मागता येते. आपसांतली टक्केवारी त्यांनी बघावी.

मी स्वतःच्या कारमध्ये होतो आणि चूक माझीच होती. माझ्या सोबतच्यांचं काय?

स्वतःच्या चुकीने अपघात करणाऱ्या चालकाला, किंवा त्याच्या वारसांना, कलम १६६ खाली भरपाई मागता येत नाही. त्याच्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो, १५ लाख रुपयांचा. पॉलिसीवर त्याचा हप्ता भरला आहे का, ते पाहा. सोबतच्या प्रवाशांचं उत्तर पॉलिसीच्या प्रकारावर आहे. पॅकेज, म्हणजे लोक ज्याला फर्स्ट पार्टी म्हणतात ती असेल, तर खाजगी कारमधले प्रवासी तिच्यात येतात. नुसती थर्ड पार्टी असेल, तर कंपनी हात वर करते आणि दावा मालकावर राहतो.

धडक देऊन गाडी पळाली. नंबरच नाही.

अशा प्रकरणात कलम १६१ खालची योजना आहे : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते. अर्ज न्यायालयात नाही, प्रांत किंवा तहसील कार्यालयात दावा चौकशी अधिकाऱ्याकडे द्यायचा. त्याने महिनाभरात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. मंजुरीनंतर पैसे थेट बँक खात्यात येतात. महिन्याभरात गाडीचा शोध लागला नाही, तर पोलिसांनी या योजनेची लेखी माहिती कुटुंबाला द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं आहे. दिली नसेल, तर मागा. पुढे गाडी सापडली आणि मोठी भरपाई मिळाली, तर ही रक्कम त्यातून वळती होते.

गाडीला विमाच नाही, किंवा चालकाकडे परवाना नाही.

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. परवाना नव्हता, खोटा होता, किंवा चालक प्यायलेला होता, हे कंपनीचे बचाव आहेत. पण त्रयस्थाच्या दाव्यात न्यायाधिकरणं बहुधा ‘आधी भरा आणि मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतात. तुमच्या वकिलांनी तो स्पष्ट शब्दांत मागावा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर टेम्पो चालवत होता, हा आक्षेप आता फारसा टिकत नाही. ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन त्या परवान्यावर चालवता येतं, असं घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवलं.

विमाच नसेल, तर मालक स्वतः जबाबदार. तेव्हा पहिली धावपळ गाडीसाठी करा. जप्त गाडी मालकाने तारण दिल्याशिवाय सोडू नये, असा अर्ज तातडीने द्या. गाडी सुटून गेली आणि मालकाच्या नावावर काहीच नसेल, तर हुकूमनामा हातात घेऊन वर्षानुवर्षं फिरावं लागतं.

कंपनी लगेच ५ लाख देते म्हणते. सही करू का?

थांबा. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. ज्यांच्याकडे निष्काळजीपणाचा पुरावाच नाही, त्यांच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. पण कलम १४९ च्या तडजोडीच्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपतो, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. वर ४० लाखांचा हिशोब केला, तो या एका सहीने जातो. कोणत्या कलमाखाली पैसे येत आहेत, हे कागदावर वाचल्याशिवाय सही नको.

मेडिक्लेम आणि एलआयसीचे पैसे मिळाले. ते वजा होतात का?

आयुर्विम्याचे वजा होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच ठरवलं. मेडिक्लेमबद्दल महाराष्ट्रात वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये तो मिटवला : ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. अडचण उरते ती मूळ बिलांची, कारण ती मेडिक्लेम कंपनीकडे जमा होतात. देण्यापूर्वी रुग्णालयाकडून शिक्का मारलेल्या प्रती घ्या.

वकिलांची फी टक्क्यांवर असते ना?

नसावी. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. फी आधी ठरवा, लिहून घ्या, पावती घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही देऊ नका. पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००.

न्यायालयात आम्हाला काय करावं लागतं?

अर्जदार सरतपासणीचं, म्हणजे आपल्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र देतो आणि कंपनीचे वकील उलटतपासणी घेतात. प्रतिज्ञापत्र मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. ज्याने अपघात पाहिला नाही, त्याने ‘पाहिला’ म्हणू नये. विधवा पत्नीला ‘तुम्ही घटनास्थळी होता का’ विचारलं, तर ‘नव्हते’ हेच उत्तर. त्यामुळे काही बिघडत नाही, कारण चूक सिद्ध करायला पंचनामा आणि प्रत्यक्षदर्शी आहेत. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. घटना तशी घडली असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पुरतं. चालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला, तरी हा दावा त्यामुळे फेटाळला जात नाही.

लोकअदालतीत मिटवावं का?

आकडा योग्य असेल तर जरूर. पैसे लवकर मिळतात आणि अपिलात वर्षं जात नाहीत. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून जाण्यापूर्वी वरचा हिशोब स्वतः मांडून, त्याचा कागद खिशात ठेवून जा. उपचार संपलेले नसताना, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च कळलेला नसताना मिटवू नका.

निकाल लागला. पैसे कधी आणि कसे मिळतात?

निवाड्यापासून ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. नाही केली, तर दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करता येते किंवा कलम १७४ खाली वसुलीचा दाखला घेऊन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. पैसे अर्जदाराच्या खात्यातच येतात. नाव, आधार, पॅन आणि खातं यांच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल, तर रक्कम अडकते, तो निकालाआधीच दुरुस्त करा. अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो. शिक्षण किंवा आजारपणासाठी आधी लागले, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून काढता येतात.

रक्कम कमी वाटली, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. वादातली रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल, तर अपील नाही. कंपनीने अपील केलं, तर जमा झालेल्या रकमेतून काही भाग काढू द्यावा, असा अर्ज तिथे करा.

दावा चालू असताना जखमी माणूस वारला तर?

दावा संपत नाही. मृत्यूचं कारण अपघात असो वा दुसरं काही, भरपाई मागण्याचा हक्क वारसांकडे जातो, असं २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ च्या पोटकलम ५ मध्ये लिहिलं आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं देऊन रेकॉर्डवर येण्याचा अर्ज लगेच करा. मृत्यू अपघाताच्याच जखमांमुळे झाला असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं तसं मत आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, कारण मग हिशोब मृत्यूच्या दाव्याप्रमाणे होतो. अंत्यविधीच्या गडबडीत शवविच्छेदन नको म्हणून सही देण्याआधी हे घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.